पखवाजाशेजारची जागा

कोकणात संगणक आणि लोककला यांची नावं एकत्र आली की तिसरं नाव ठरलेलं: जतन. दशावतार या लोकनाट्याचं चित्रीकरण, चित्रकथीच्या (चित्रं दाखवत गोष्ट सांगण्याच्या कलेच्या) पोथ्यांचं स्कॅनिंग, सावंतवाडीच्या गंजिफांचे, म्हणजे हाताने रंगवलेल्या पत्त्यांचे, फोटो, नमनाच्या गाण्यांचं ध्वनिमुद्रण, आणि हे सगळं ठेवायला एखादं ॲप. उद्घाटन थाटात होतं. पुढे कुणीतरी सर्व्हरचे पैसे भरायला विसरतं, किंवा ॲप नव्या फोनवर उघडत नाही, आणि जतन केलेलं पुन्हा शोधत बसावं लागतं. जतन करू नये असं कुणीच म्हणणार नाही. पण या व्यवहारात कलाकार कायम कॅमेऱ्यासमोर आणि तंत्रज्ञ कायम कॅमेऱ्यामागे. एकाने जवळचं होतं ते दिलं, दुसऱ्याने ते भरून नेलं. दोघांनी मिळून काही बनवलं, असं त्यात कुठेच घडत नाही.

माझं म्हणणं असं की लोककलेच्या नावाने संगणकावर जो पैसा खर्च होतो, मग तो सरकारचा असो, विद्यापीठाचा असो की कंपन्यांच्या सीएसआरचा, म्हणजे सामाजिक निधीचा, त्यातला मोठा वाटा नवं काही उभं करण्यावर जायला हवा. आणि ते उभं करताना प्रोग्रामर पाहुणा म्हणून येऊन चालणार नाही, तो कंपनीतला माणूस झाला पाहिजे. कंपनी म्हणजे दशावतारी कंपनी, नाटकमंडळी. हिंजवडीतली नव्हे.

कोकणाला हे नवंही नाही. सिंधुदुर्गात कुठल्याही तिठ्यावर लावलेली जाहिरात वाचा: ‘भव्यदिव्य ट्रिकसीनयुक्त पौराणिक नाट्यप्रयोग’. वारुळातून नाग वर येतो, मूर्तीच्या डोळ्यांत उजेड पेटतो, राक्षसाचं मुंडकं धडावेगळं होऊन बोलायला लागतं. यामागे बहुधा गावातलाच वायरमन असतो, नाहीतर मोटर रिवायंडिंग करणारा. तो गाडीच्या वायपरची मोटर वापरतो, कारण ती बॅटरीवर चालते, सावकाश फिरते आणि जोर चांगला लावते. ओढायला तंगूस, कारण मासेमारीचा हा दोरा उजेडात दिसत नाही आणि सहसा दगा देत नाही. चतुर्थीला घरोघरी हलते देखावे करणारी पोरं याच जातकुळीची. नेरूरच्या रोंबाटातल्या, म्हणजे शिमग्याच्या मिरवणुकीतल्या, अजस्र हलत्या आकृत्या ज्याने एकदा पाहिल्या, त्याला कोकणी कलावंताला यंत्राचं वावडं आहे असं कुणी पटवू शकणार नाही. संगणक मात्र या मंडळींपर्यंत अजून फारसा पोचलेला नाही. आणि संगणकवाले यांच्यापर्यंत आले, तर ते ट्रायपॉड घेऊन आले.

जाणकार मंडळी ट्रिकसीनवर नाराज असतात. त्यांचं म्हणणं, दशावतार हा गाण्याचा, शब्दाचा आणि मुद्रेचा खेळ. एक बाकडं, एक पडदा आणि वेषाचा पेटारा एवढ्यावर रात्र उभी राहायची. आता लोक नाग बघायला येतात आणि नाग झाला की चहाला उठतात. मला ही तक्रार अर्धी पटते. नागाशी माझं भांडण नाही. पण नाग आधी तयार होतो आणि आख्यान मागाहून त्याच्या मापाने कापलं जातं, तेव्हा घोटाळा होतो. मागे धूर अजून भरलेला नाही म्हणून नट तेच वाक्य फिरवून फिरवून म्हणत राहतो, हे आपण सगळ्यांनी पाहिलंय. यात दोष विजेचा नाही. नट आणि वायरमन यांची गाठ थेट प्रयोगाच्या संध्याकाळी पडते, तिथे तो दोष आहे.

आता संगणकवाल्याच्या बाजूने बघू. शहरी नाटकाची प्रकाशयोजना आज संगणकावर चालते. प्रत्येक बदलाला क्रमांक दिलेला असतो: अमुक वाक्य संपलं की क्यू सतरा, तमुक पात्र बसलं की क्यू अठरा. ऑपरेटरने बटण दाबत जायचं. आज रंगमंचावर जे होणार ते काल तालमीत होऊन गेलंय, हे या सॉफ्टवेअरचं गृहीतक. दशावताराला मुळात लिहिलेली संहिताच नाही. कुठलं आख्यान लावायचं आणि कोण काय करणार हे प्रयोगाआधी ठरतं, नट आपापला चेहरा आपणच रंगवतात, आणि पुढची रात्र पाठांतर, वाचन आणि समोरच्याचा हजरजबाबीपणा यांवर निघते. युद्ध किती वेळ चालायचं हे पखवाज, नटाचा दम आणि पुढे बसलेले लोक मिळून ठरवतात. संकासुर हा विनोदी राक्षस तर मालवणीतून गावातल्या कुणाचीही खोडी काढील. त्याची वाक्यं आदल्या दिवशी टाइप करून मागणारा तंत्रज्ञ म्हणजे संकासुराला आयतं गिऱ्हाईकच.

म्हणजे इथे यंत्राला ऐकावं लागणार. पखवाजाची लय मोजणं अवघड नाही: माइकमधून येणाऱ्या आवाजातली थाप ओळखायची, दोन थापांमधलं अंतर धरायचं, ते कमी होतंय की वाढतंय ते बघायचं. साधा लॅपटॉप हे करू शकतो. पेटीचे सूर पकडणं त्याहून कठीण, कारण दोन-तीन स्वर एकदम दाबलेले असतात आणि शेजारी झांज खणखणत असते. मालवणी बोलणं शब्दाशब्दाने ओळखायचं तर आणखी कठीण. मोठ्या कंपन्यांनी त्यांची यंत्रं संकासुरासाठी शिकवलेली नाहीत. तरी ही सगळी अडचण मोजमापाची झाली. खरी गोम पुढेच आहे. पखवाजवाला लय चढवतो ती नटाच्या पायाकडे बघून. नट दमलाय असं वाटलं तर मुद्दाम उतरवतो, आणि प्रेक्षकांना कळूही देत नाही. हा निर्णय थापेत नंतर उतरतो, नजरेत आधी होतो. माइकला नजर ऐकू येत नाही.

म्हणून संगणक चालवणाऱ्याने पडद्यामागे बसून भागणार नाही. त्याची जागा पखवाजाच्या शेजारी. लॅपटॉप हे वाद्य आहे असं धरून त्याने तो वाजवावा, चुकला तर सगळ्यांदेखत चुकावं, आणि पेटीवरच्या बुवांनी नुसती मान वळवली तरी काय ते समजावं. उजेड, सावली, आवाज, वारुळातला नाग, काय हवं ते त्याच्या हाती द्या. पण ते त्या रात्रीच्या लयीतून निघालं पाहिजे. हे शिकायला किती रात्री लागतील? पखवाजवाल्याला लागतात तितक्या. दोन दिवसांच्या कार्यशाळेत प्रमाणपत्र मिळतं, हे मिळत नाही.

आणि यात उपकार एकतर्फी नाहीत. वादकाच्या मागोमाग चालणारा संगणक १९८४ साली रॉजर डॅननबर्ग आणि बॅरी व्हर्को या दोघांनी स्वतंत्रपणे दाखवला. त्यावर पुढे पुष्कळ काम झालं. पण त्या संगणकाच्या पुढ्यात लिहिलेली स्वरलिपी होती. वादक त्या कागदावर कुठवर आलाय एवढं त्याला शोधायचं होतं. कागदच नाही, गोष्ट मात्र सगळ्यांना पाठ आहे आणि कुणीही कुठेही वळण घेऊ शकतो, अशा ठिकाणी साथ करणारा प्रोग्राम लिहायचा तर भल्याभल्यांना घाम फुटेल. हा प्रश्न प्रयोगशाळेत बसून सुचणारही नाही. तो वालावल-आरवलीच्या जत्रेत रात्री दोन वाजता सुचतो.

कलावंत आणि इंजिनिअर यांना एकत्र बसवण्याचा जो मोठा प्रयोग जगाच्या लक्षात राहिला, तो न्यूयॉर्कचा. बेल लॅब्स या टेलिफोन कंपनीच्या प्रयोगशाळेत लेझरवर काम करणारा बिली क्लुव्हर हा त्यातला मुख्य माणूस. १९६० मध्ये त्याने शिल्पकार जाँ तँगलीला स्वतःच मोडून पडणारं यंत्र उभं करायला मदत केली. ते आधुनिक कला संग्रहालयाच्या बागेत चाललं, पेटलं आणि शेवटी अग्निशमन दलाच्या माणसाने थांबवलं. ऑक्टोबर १९६६ मध्ये दहा कलावंत आणि तीसेक इंजिनिअर यांनी मिळून एका लष्करी कवायतगृहात नऊ रात्री प्रयोग केले. चित्रकार रॉबर्ट राउशेनबर्गच्या प्रयोगात टेनिसच्या रॅकेटींमध्ये ट्रान्समीटर बसवले होते. चेंडू रॅकेटला लागला की घुमल्यासारखा मोठा आवाज व्हायचा आणि वरचा एक दिवा विझायचा. सगळे विझले की सामना संपला. मग पूर्ण काळोखात शेकडो माणसांचा जमाव आत यायचा आणि तो फक्त इन्फ्रारेड कॅमेऱ्यांतून पडद्यांवर दिसायचा. ही कल्पना एकट्या चित्रकाराला सुचली नसती आणि एकट्या इंजिनिअरने ती केली नसती. बाकी त्या रात्रींत पुष्कळ काही बिघडलं, उशीर झाले, समीक्षकांनी झोडपलं. त्यातूनच ‘एक्सपरिमेंट्स इन आर्ट अँड टेक्नॉलॉजी’ ही संस्था जोमाने उभी राहिली. पुढे १९७० च्या ओसाका प्रदर्शनात तिने पेप्सीसाठी मंडप बांधला. खर्चावरून बिनसलं आणि कंपनीने मंडप आपल्या हाती घेतला. पैसे देणारा आणि बनवणारा यांच्यातलं हे भांडण कोकणात यायचंय. येईलच.

त्याच वर्तुळातला संगीतकार डेव्हिड ट्युडर १९६९ मध्ये अहमदाबादला आला आणि राष्ट्रीय डिझाइन संस्थेत त्याने ‘मूग’ नावाच्या सिंथेसायझरचा, म्हणजे विजेवर सूर तयार करणाऱ्या वाद्याचा, स्टुडिओ उभारला. गीता साराभाई, अतुल देसाई आदींनी त्यावर काम केलं. पण त्या यंत्राशी रोज भांडणारी पिढी तयार व्हायच्या आत, तीनेक वर्षांत, ते पर्व आटोपलं. टेपा कित्येक दशकांनी तिथल्याच अभिलेखागारातून बाहेर आल्या. जतन झालं होतं, हे कबूल.

आता पिंगुळीला येऊ. कुडाळजवळच्या या गावातल्या ठाकर समाजाने चित्रकथी, कळसूत्री आणि चामड्याच्या बाहुल्यांचा खेळ टिकवला. परशुराम गंगावणे यांना २०२१ मध्ये पद्मश्री मिळाली ती याच कामासाठी. गोठ्याचं कलादालन करणारं हे घर. चामड्याच्या बाहुलीचा खेळ म्हणजे पडद्यावर सावली, आणि सावलीचं सगळं दिव्यावर अवलंबून. उजेड जितक्या लहान ठिकाणाहून येईल तितकी सावलीची कड धारदार. बाहुली पडद्यापासून मागे नेली की सावली मोठी होते. दिवा पसरट असेल तर ती मोठी होतानाच विरघळते. म्हणून आज दुकानात मिळणारा पांढऱ्या घुमटाचा एलईडी बल्ब लावला की रावण धुरकटतो. त्यातून स्वस्तातला एलईडी घरच्या विजेच्या लयीत लुकलुकतो. डोळ्याला ते कळत नाही, पण मोबाइलवर शूटिंग केलं की पडद्यावर काळे पट्टे सरकतात. पर्यटकाने घरी नेलेल्या व्हिडिओत खेळापेक्षा पट्टेच जास्त.

तेलाच्या दिव्यात आणखी एक गोष्ट होती: ज्योत हलायची, आणि तिच्याबरोबर न हलवलेली बाहुलीही जिवंत वाटायची. आता एखादा हुशार मुलगा म्हणेल, त्यात काय, एलईडीची तीव्रता प्रोग्रामने कमीजास्त करू. करून बघा. निव्वळ यादृच्छिक आकडे दिले की ज्योत दिसत नाही, बिघडलेली ट्यूबलाइट दिसते. ज्योतीचं हलणं वाऱ्याशी, बाहुलीच्या फटकाऱ्याशी, खेळणाऱ्याच्या श्वासाशी बांधलेलं असतं. मग तो मुलगा खेळणाऱ्याच्या शेजारी बसेल, त्याचा हात कुठे जातो ते बघेल, काठीला एखादा सेन्सर लावू का म्हणून विचारेल, आणि खेळणारा सांगेल की काठीला वजन नको, पायाला लाव, युद्धात मी पाय आपटतो. हे संभाषण मला महत्त्वाचं वाटतं. पुरातन दिव्याची नक्कल साधली नाही तरी चालेल. पाय आपटला की दरबार लाल होतो अशी नवी सोय त्यातून निघाली, तर ती पिंगुळीची असेल आणि त्या मुलाचीही.

याउलट, ‘चित्रकथी शैलीत राम-रावण युद्ध’ असं लिहून एआयकडून चित्र काढून घेणं. मोठे डोळे येतात, बाजूने दिसणारे चेहरे येतात, किनार येते. पण चित्रकथी म्हणजे सुटं चित्र नाही. पोथीतलं एक पान वर धरलं जातं, गाणं सुरू होतं, पान खाली जाईपर्यंत बघणाऱ्याने त्या पानात फिरायचं असतं. पुढचं पान केव्हा काढायचं हे हुडुक या छोट्या तालवाद्याच्या साथीने सांगणारा ठरवतो. त्या एआय चित्रावर फार संतापण्यात अर्थ नाही, कौतुक करण्यात त्याहून नाही. तिथे दुसरा माणूसच नव्हता, तर सहकार्य कुणाशी?

कलावंत तंत्रज्ञांमध्ये नुसता ‘सल्लागार’ न राहता मुरला तर काय होतं, याचं मराठी उदाहरण आपल्या डोळ्यांसमोर आहे, अक्षरशः. सुलेखनकार र. कृ. जोशी यांनी आयआयटी मुंबईत शिकवलं, नंतर जुहूच्या एनसीएसटी या सरकारी सॉफ्टवेअर संस्थेत संगणकतज्ज्ञांबरोबर काम केलं. विंडोजमधून घरोघरी पोचलेला ‘मंगल’ हा देवनागरी फाँट त्यांचा. बोरूने लिहिणाऱ्या हाताला जोडाक्षर कसं वळतं हे ठाऊक असतं. ते ज्ञान संगणकाच्या नियमांत उतरवायला त्यांना प्रोग्रामर लागले, आणि प्रोग्रामरांना ते. ‘मंगल’ देखणा आहे का, यावर सुलेखनकार आजही वाद घालतील (मला तो छापील पानावर आवडत नाही), पण सरकारी पत्रापासून पोरांच्या निबंधापर्यंत मराठी संगणकावर उभी राहिली त्यात त्या बैठकांचा वाटा आहे.

एवढं सगळं पटलं तरी एक प्रश्न उरतो: बनलेलं कुणाचं? आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात संगणक प्रोग्रामला साहित्यकृती धरलं आहे, आणि संगणकाने तयार झालेल्या कृतीचा कर्ता म्हणजे ती तयार करवणारी व्यक्ती. पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेल्या आख्यानाला कायद्याच्या दृष्टीने असा कर्ता सापडत नाही. म्हणजे काहीच लिहून ठेवलं नाही, तर जत्रेतली रात्र कुणाचीच नाही आणि लॅपटॉपमधली रात्र प्रोग्रामरची. पण त्याच कायद्याने सादरकर्त्याला हक्क दिलेले आहेत. त्याच्या संमतीशिवाय प्रयोगाचं ध्वनि-चित्रमुद्रण करता येत नाही, हा हक्क पन्नास वर्षं टिकतो, आणि २०१२ च्या दुरुस्तीने नाव मिळण्याचा आणि आपल्या सादरीकरणाची मोडतोड होत असेल तर हरकत घेण्याचा हक्कही त्याला मिळाला. संयुक्त कर्तृत्वाची तरतूदही आहे. पहिल्या बैठकीतच, चहा यायच्या आधी, हे मराठीत एका पानावर लिहून दोघांनी सह्या कराव्यात. मुद्रण पुढे कुठल्या यंत्राला शिकवायला वापरायचं का, हेही त्याच पानावर. ‘आपलीच माणसं, कशाला कागद’ हे वाक्य आपल्याकडे हमखास येतं, आणि ते बहुधा ज्याच्या हाती कॅमेरा असतो तोच म्हणतो.

यासाठी मुंबई-पुण्याहून कुणाला आणायची गरज नाही. मालवणला आणि रत्नागिरीला शासकीय तंत्रनिकेतन आहे, दोन्ही जिल्ह्यांत अभियांत्रिकी महाविद्यालयं आहेत. तिथली मुलं अंतिम वर्षाच्या प्रकल्पात ‘ग्रंथालय व्यवस्थापन’ नाहीतर ‘विद्यार्थी हजेरी’ करतात. तोच प्रकल्प पुढच्या बॅचला नाव बदलून जातो. त्यातल्या एखाद्या गटाला दशावतारी कंपनीकडे पाठवा. कंपनीला वेळ पावसात असतो: जत्रा कार्तिकात सुरू होतात, खेळ पावसाच्या तोंडावर थांबतात, मग नट तरव्याला. भातलावणी आटपली की श्रावणात हात थोडे मोकळे, आणि कॉलेजात प्रकल्पांचे गट पडायचाही तोच सुमार. अडचण पुढे आहे. जत्रांचा हंगाम ऐन भरात येतो तेव्हा मुलांच्या परीक्षा असतात, आणि श्रावणात झाड पडलं की लाईट दोन दिवस नाही. छोटा जनरेटर घ्यावा. परीक्षेचं काय करायचं ते प्राचार्यांनी बघावं. एनएसएसच्या शिबिराला रजा मिळते, जत्रेला का नाही?

पहिल्या हंगामात यातून बघण्यासारखं फार काही निघणार नाही. नाग भलत्या वेळी वर येईल, लोक हसतील, कंपनीचा मालक वैतागेल. म्हणून पैसे देणाऱ्याने वर्षाअखेरीचा सोहळा मागू नये. तीन हंगाम द्यावेत आणि गप्प बसावं.

राहता राहिला पैसा कशावर जायचा ते. अशा प्रकल्पांची अंदाजपत्रकं मी वाचली आहेत. लॅपटॉप, प्रोजेक्टर, सॉफ्टवेअरचा परवाना, तज्ज्ञांचं मानधन, प्रवास, अल्पोपाहार. कलावंताच्या वाट्याला शाल आणि श्रीफळ. दशावतारी नट नाईटवर, म्हणजे एकेका रात्रीच्या मानधनावर, जगतो. ज्या दिवशी तो या मुलांबरोबर बसेल तो दिवस त्याच्या कामाचा आहे आणि त्याची पूर्ण नाईट त्याला मिळाली पाहिजे, पेटी, पखवाज आणि झांजवाल्यांसकट. गावातल्या त्या वायरमनलाही, कारण मोटर कुठे अडकते हे या सगळ्यांत फक्त त्याला माहीत आहे. अंदाजपत्रकात ही ओळ नसेल तर कंपनीने नकार द्यावा, आणि मुलांच्या गाइडनेही त्यावर सही करू नये.